चांदीचं पान आणि आदिलाबादचा उन्हाळा

मागच्या दिवाळीला घरी जाताना आईसाठी काय न्यायचं, हा प्रश्न होता. साडी परवडत नव्हती, मिठाई नको म्हणाली असती. मग मुंबईतून एक छोटं रोप घेतलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि नंदीग्राम एक्स्प्रेसने रात्रभर मांडीवर धरून आदिलाबादला नेलं. हिरवट, मखमली, बदामाच्या आकाराची पानं आणि त्यांवर चांदीचे शिंतोडे. आजीने हात फिरवून बघितला आणि विचारलं, "रंग दिला का गं याले?"

आजीची शंका अगदीच चुकीची नव्हती. या झाडाचं शास्त्रीय नाव 'सिंडॅप्सस पिक्टस'. त्यातल्या 'पिक्टस' या लॅटिन शब्दाचा अर्थच 'रंगवलेलं' असा आहे. दुकानात ते 'सॅटिन पोथोस' किंवा 'सिल्व्हर पोथोस' या नावाने मिळतं. दिसायला आपल्या मनी प्लांटचं चुलत भावंड, आणि कुळही तेच, म्हणजे अळूचं आणि सुरणाचं.

पण ही चांदी रंगाची नाही, हवेची आहे. पानाच्या वरच्या पातळ त्वचेखाली काही ठिकाणी हवेच्या बारीक पोकळ्या असतात. तिथे पडलेला उजेड परत फिरतो आणि तो भाग आपल्याला चंदेरी दिसतो. मनी प्लांटच्या पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यात हरितद्रव्य कमी असतं. इथे तसं नाही, चांदीच्या खाली हरितद्रव्य असतंच. म्हणजे तो ठिपकाही झाडासाठी अन्न तयार करतो.

आता खरी गोष्ट. मे महिन्यात आईचा फोन आला, "तुझं झाड जाऊन राहिलं बाई." आवाज असा की जणू तिचीच काही चूक झाली. सुट्टीत घरी पोचले तेव्हा पानं नळीसारखी गुंडाळलेली, खालची दोन-तीन पिवळी. आई म्हणाली, "पानं आवळून घेतली त्यानं. तहान लागली असंल म्हणून रोज तांब्याभर पाणी टाकते."

इथेच गडबड होती. तहान लागली की हे झाड पानं आत वळवतं, हे खरं. पण मुळं कुजली तरी ते तेच करतं, कारण कुजलेली मुळं पाणी वर चढवू शकत नाहीत. खूण एकच, कारणं दोन. मग ओळखायचं कसं? मातीत बोट घालून. बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती कोरडी असेल तर पाणी द्या. माती ओली असूनही पानं गुंडाळलेली असतील तर पाणी ताबडतोब थांबवा. आमच्या कुंडीतली माती चिखल झाली होती.

त्यात आईने प्रेमाने रोप मोठ्या कुंडीत हलवलं होतं आणि माती आणली होती आमच्या शेतातली. काळी, कसदार, कापसाची. कापसाला ती सोन्यासारखी, कारण पाणी धरून ठेवते. पण हे झाड मुळात जावा, सुमात्रा, बोर्निओ, थायलंडच्या दमट जंगलातलं, झाडांच्या खोडाला चिकटून वर चढणारं. त्याच्या मुळांना ओलाव्याइतकीच हवा लागते. काळी माती ओली झाली की फुगून घट्ट बसते आणि वाळली की भेगाळते. दोन्ही वेळा मुळांचे हाल.

आपल्याकडचा साग उन्हाळ्यात पानं गाळून मोकळा होतो आणि पावसाची वाट बघतो. वर्षभर ओल्या राहणाऱ्या जंगलातल्या या वेलीला ही युक्ती माहीतच नाही. म्हणून तिचा उन्हाळा आपल्याला सांभाळावा लागतो.

मी झाड उपटलं. मुळं तपकिरी, मऊ, वास येणारी. वेलीचा वरचा भाग मात्र टणक होता. तिथून तीन तुकडे कापले, प्रत्येकाला निदान एक पेर आणि एक पान. पेर महत्त्वाचं, कारण मूळ तिथूनच फुटतं. नुसतं पान पाण्यात ठेवून वेल होत नाही. काचेच्या बाटलीत पेर बुडेल एवढं पाणी घातलं आणि ते दर तीन-चार दिवसांनी बदललं. दोन तुकडे सडले. तिसऱ्याला जून लागेपर्यंत पांढरी मुळं आली.

मग नवी कुंडी भरली. तिला खाली भोक हवंच. दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड रेती आणि विटांचे बारीक तुकडे, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. जागा खिडकीपासून थोडी आत, जिथे उजेड भरपूर पण ऊन थेट पडत नाही. आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा कूलर असलेली खोली तिला बरी, कारण हवेत ओलावा राहतो; फक्त वाऱ्याच्या थेट झोतात ठेवू नका. थंडीचं उलट. १५ अंशांखालची थंडी तिला सोसत नाही, आणि आदिलाबादच्या डिसेंबरच्या रात्री त्याहून कितीतरी गार असतात. तेव्हा रात्री खिडकीपासून दूर, पाणी कमी, खत बंद.

किडीबद्दल आईला शिकवायची गरज पडली नाही. पानाच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं की तो पिठ्या ढेकूण, हे कापूसवाल्या घराला कोण सांगणार? ओल्या फडक्याने पुसून काढायचा, वर निंबोळी तेलाचा हलका फवारा.

एक सावधगिरी: अळू खाऊन घसा खवखवतो ना, तसेच सुईसारखे स्फटिक या पानातही असतात. चिंच घालूनही हे खायचं नाही. लहान मुलं, मांजर, शेळी यांच्यापासून लांब ठेवा. आणि 'हवा शुद्ध करतं' या जाहिरातीवर फार विसंबू नका. नासाचा १९८९ चा तो प्रसिद्ध प्रयोग बंद पेटीतला होता. घराची हवा बदलायला एखादी कुंडी पुरत नाही, खिडकी उघडावी लागते.

परवा आईने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. कुंडी स्वयंपाकघरात, चुलीपासून हातभर लांब, आणि वेलीला चौथं पान. खाली लिहिलं होतं, "थंडी लई आहे, म्हणून आत घेतलं. बोट घालून पाहिलं, माती ओली आहे. आज पाणी नाही दिलं."