खाडीने राखलेला रस्ता

कोकणात रेवसपासून रेडीपर्यंत समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता नकाशावर सलग रेघेसारखा दिसतो. प्रत्यक्षात तो जागोजागी पाण्यापाशी येऊन थांबतो. आगरदांड्याला संपतो आणि पलीकडे दिघीला पुन्हा सुरू होतो. बाणकोटच्या खाडीवर बागमांडला आणि वेसवी समोरासमोर आहेत, पुढे दाभोळ आणि धोपावे, त्याहून पुढे तवसाळ आणि जयगड. या प्रत्येक ठिकाणी फेरीबोटीची, म्हणजे किनाऱ्यावर पुष्कळजण जिला जंगलजेटी म्हणतात तिची, वाट पाहावी लागते. मोटार असो, टेम्पो असो की सायकल, बोट येईपर्यंत सगळे एकाच रांगेत. मुंबई-पुण्याकडून गोव्याच्या दिशेने सायकलवर निघणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत हा रस्ता आपलासा केला आहे, आणि त्याचे कारण विचारले तर उत्तरात समुद्र, सुरूची बने आणि मासळीचे जेवण येते. हे सगळे खरेच आहे. पण हा रस्ता सायकलला मानवतो त्यामागचे मूळ कारण त्याची शांतता आहे, आणि ही शांतता त्या थांब्यांनी राखली आहे. येत्या काळात हे थांबे एकेक करून जाणार असल्याने ती कशी टिकवायची याचा विचार आताच करायला हवा.

या शांततेमागे भूगोल आहे. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या लांबीने लहान, पण समुद्राची पातळी वाढली तेव्हा त्यांच्या मुखाकडची खोरी पाण्याखाली गेली आणि भरतीचे पाणी दूरवर आत शिरणाऱ्या खाड्या तयार झाल्या. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या समुद्राजवळ ओलांडणे अवघड आणि आत, डोंगराकडे, सोपे. म्हणून मुंबई-गोवा महामार्ग, आजचा राष्ट्रीय महामार्ग ६६, किनारा सोडून महाड, चिपळूण, संगमेश्वर असा आतून गेला. ज्याला लांब जायचे आहे, माल पोहोचवायचा आहे, तो तिकडून जातो. किनाऱ्याच्या रस्त्यावर उरतात ते बहुतेक त्याच भागात काम असलेले लोक: एसटी, रिक्षा, मासळीचा टेम्पो, आंब्याच्या दिवसांत पेट्यांच्या गाड्या. खाडी ही एक गाळणी आहे. ती कोणालाच अडवत नाही, पण ज्याला केवळ पुढे पळायचे आहे त्याला ती परवडत नाही. नेदरलँड्ससारख्या देशांत नगररचनाकार हाच परिणाम मुद्दाम घडवतात. गल्लीच्या तोंडाशी खुंट रोवतात, त्यामधून सायकल आणि पादचारी जातात, मोटारीला मात्र वळसा पडतो. कोकणाला ती सोय फुकट मिळाली, म्हणून कदाचित तिची किंमत कोणी मोजली नाही.

शांतता ही हौशी माणसाची चैन आहे असे वाटू शकते, म्हणून थोडे आकड्यांकडे पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. देशातील एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्गांची लांबी जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास, पण या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के त्यांच्यावर झाले. महामार्गावर वाहनेही जास्त असतात, त्यामुळे ही तुलना अगदी काटेकोर नाही. तरीही वेगाचा हिशेब टळत नाही. ताशी ४० किलोमीटरचा वेग ८० झाला की वाहनाची आघाताची ताकद दुप्पट नव्हे, चौपट होते. मागून येणाऱ्या भरलेल्या ट्रकने धडक दिली नाही, नुसता जवळून गेला, तरी त्याच्या वाऱ्याने सायकल हेलकावते. रुंद रस्त्याच्या कडेला पांढरी रेघ ओढून सायकलला जागा दिली की काम झाले, असे सुचवणारे बरेच असतात. ती जागा आपल्याकडे बंद पडलेले ट्रक, उलट दिशेने येणाऱ्या मोटारसायकली आणि खडीचे ढिगारे व्यापून टाकतात. शिवाय पट्टा मोकळा राहिला तरी दिवसभर शेजारून गर्जत जाणाऱ्या वाहतुकीत आठ तास सायकल चालवणे फक्त धाडसी माणसालाच जमेल. पन्नाशीतल्या बाईला किंवा बारा वर्षांच्या मुलाला सोबत घेऊन निघता येईल असा रस्ता हवा असेल, तर वाहने मुळातच कमी आणि हळू असायला हवीत.

नुसत्या पाट्या लावून शांत मार्ग होत नाही, याचा धडा ब्रिटनमध्ये मिळतो. तिथे १९९५ मध्ये लॉटरी निधीच्या मदतीने सस्ट्रान्स या संस्थेने राष्ट्रीय सायकल जाळे उभारायला घेतले. जुने रेल्वेमार्ग, कालव्यांचे काठ, गावरस्ते जोडत ते हजारो किलोमीटर वाढले. पण जिथे शांत वाट सापडली नाही तिथे वर्दळीच्या रस्त्यांनाच क्रमांक देऊन रेघ पुरी केली गेली. २०१८ मध्ये संस्थेने स्वतःच आपल्या जाळ्याची तपासणी केली, तेव्हा ४२ टक्के भाग ‘अत्यंत खराब’ या वर्गात पडला. त्यानंतर २०२० मध्ये जाळ्याचा जवळपास पाव भाग वगळला किंवा वेगळ्या वर्गात टाकला गेला. आपल्या नकाशावरची हजारो किलोमीटरची रेघ स्वतःच खोडायला मोठा प्रामाणिकपणा लागतो, आणि आपल्या पर्यटन खात्यांनी तो जरूर शिकावा. मार्गाची लांबी जाहीर करणे सोपे असते. त्यावरून सायकल चालवणाऱ्याला किती वेळा जीव मुठीत धरावा लागला, हे मोजायला कोणी बसत नाही.

सागरी महामार्गाची कल्पना जुनी आहे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते त्या काळापासून ती चर्चेत आहे. आता खाड्यांवर मोठे पूल उभारून हा रस्ता सलग आणि रुंद करण्याच्या योजनेला वेग आला आहे. या पुलांना विरोध करणे मला योग्य वाटत नाही. रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे आहे आणि शेवटची बोट निघून गेली आहे, किंवा पलीकडच्या तीरावरच्या महाविद्यालयासाठी रोज बोटीच्या वेळेवर जगायचे आहे, ही खाडीकाठच्या माणसांची अडचण खरी आहे. चार दिवसांसाठी आलेल्या सायकलस्वाराच्या समाधानासाठी त्यांनी ती सोसावी असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. मात्र पूल आला की गाळणी जाते, हेही तितकेच खरे. रेवदंडा-साळाव पूल होऊन बराच काळ लोटला. मुंबई जवळ असल्याने पलीकडच्या काशीद-मुरूडच्या वाटेवर सुट्टीच्या दिवशी मोटारींची जी दाटी होते, तिच्यात सायकल चालवणे आनंदाचे राहत नाही. जे काम आजवर पाण्याने केले ते आता माणसाला ठरवून करावे लागेल.

करण्यासारखे काय आहे, हे जपानमध्ये दिसते. ओनोमिची आणि इमाबारी या शहरांना बेटांमधून जोडणारा शिमानामी काइदो हा सुमारे ६० किलोमीटरचा मार्ग १९९९ मध्ये खुला झाला. तो मोटारींसाठीचा द्रुतगती मार्ग आहे, पण त्याच्या मोठ्या पुलांवर सायकल आणि पादचाऱ्यांसाठी वेगळी वाट आराखड्यातच होती. बेटांवर उतरल्यावर सायकलस्वार द्रुतगती मार्ग सोडून गावांच्या जुन्या रस्त्यांवर येतो, आणि रस्त्याच्या कडेची निळी रेघ त्याला वाट दाखवते. एवढ्याने तो जगभरातल्या सायकलप्रेमींचा आवडता मार्ग झाला. आपल्याकडची सवय उलट आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकलला बंदी आहे, २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही बंदी आहे. कोकणातल्या पुलांवर हेच झाले तर बोट बंद आणि पुलावर मज्जाव, अशा कात्रीत सायकल सापडेल. दाभोळहून धोपाव्याला जायला मग चिपळूणचा वळसा, म्हणजे ज्या महामार्गाला टाळायचे त्याच्याच कुशीत. पुलावर दोन-अडीच मीटरची वाट आराखड्यात धरली तर खर्चात फार भर पडत नाही. पूल उभा राहिल्यावर ती जोडणे मात्र जवळपास अशक्य असते.

दुसरी गोष्ट जुन्या रस्त्याची. रुंद रस्ता बहुतेक ठिकाणी गावांना वळसा घालून जाईल, कारण गुहागर किंवा हेदवीसारख्या गावांतल्या नारळी-पोफळीच्या आगरांमधून चार पदरी रस्ता नेताच येत नाही. मग आगरांमधला, जांभ्याच्या गडग्यांमधून वळत जाणारा जुना रस्ता उरतो. तो डांबरी राहू द्यावा, त्यावर वेगमर्यादा ३० ठेवावी, अवजड वाहनांना गावात काम असेल तरच सोडावे आणि प्रत्येक फाट्यावर क्रमांकाचा दगड लावावा. बेल्जियमच्या लिंबुर्ख प्रांतात नव्वदच्या दशकात एका खाण अभियंत्याच्या कल्पनेतून अशीच फाट्यांना क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. सायकलस्वाराने चार-पाच आकडे कागदावर लिहून घेतले की दिवसभराची वाट हातात. आपल्याकडे तर मैलाचे दगड वाचायची सवय आधीच आहे.

एवढे कष्ट मूठभर हौशी लोकांसाठी कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण त्या रस्त्यावरून रोज शाळेत जाणारी मुले, बाजाराला टोपली घेऊन निघालेल्या बाया आणि वाडीतून वाडीत जाणारी म्हातारी माणसे यांनाही तोच मंद रस्ता हवा असतो. पाहुणा सायकलस्वार हा त्यांच्या रांगेतला शेवटचा. शिवाय मोटारीचा पर्यटक अलिबाग, गणपतीपुळे, मालवण अशा उड्या मारतो. सायकलवाला दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर जातो, म्हणून त्याला आडिवऱ्यात चहा लागतो, आचऱ्यात जेवण लागते आणि मध्येच कुठेतरी रात्रीची पथारी. ज्या गावाच्या नावाची पाटी मोटारीतून वाचूनही होत नाही, तिथे त्याचे पैसे पडतात. चढ, ऊन आणि पाऊस यांचा मुद्दा मात्र मान्य करायला हवा. खाडीतून सड्यावर आणि सड्यावरून पुन्हा खाडीत, अशी ही वाट दमवते, आणि पावसाळ्यात ती शहाण्याने टाळावी. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे चार महिने तिचे. तेवढे पुरेसे आहेत.

आणि बोटी? पूल झाल्यावर त्या आपोआप बंद पडतील असे धरून चालतात. ओनोमिचीत शेजारच्या बेटावर जाणारा पूल आहे, तरी तो सायकलला अरुंद म्हणून सायकलस्वारांना आजही छोट्या बोटीनेच जायला सांगतात, आणि काही मिनिटांचा तो प्रवास तिथल्या मार्गाचाच भाग झाला आहे. दाभोळला सकाळ-संध्याकाळ दोन-चार फेऱ्या पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी राहिल्या, तर पुलाच्या टोकापर्यंत चढून जायला न लागता बंदरातून थेट पलीकडच्या बंदरात उतरता येईल. भरतीच्या वेळी सायकल बोटीवर ढकलत न्यायला उतारही कमी लागतो.