रांगेतले आणि रांगेबाहेरचे

परदेशी स्थायिक झालेला मनुष्य मागाहून येणाऱ्या प्रत्येकाकडे सहानुभूतीनेच पाहत असेल, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. जो कायद्याने गेला, तोच पुष्कळदा बेकायदा आलेल्यांविषयी सर्वांत कठोर बोलतो. असे का व्हावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. चिक्कडपल्लीत राहणाऱ्या मला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. अमेरिकेत कोणी नाही असे घर आमच्या गल्लीत शोधावे लागते.

प्रथम ही रांग कशी असते ते पाहू. शिक्षण संपवून तिकडे नोकरी करू इच्छिणाऱ्याला एच-वन-बी व्हिसा लागतो. खाजगी कंपन्यांसाठी असे वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेतच उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार व्हिसा असतात. अर्ज याहून कितीतरी अधिक येतात. पुढची पायरी ग्रीन कार्डाची. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे मिळतात. परंतु कोणत्याही एका देशाला साधारणतः सात टक्क्यांहून अधिक मिळू नयेत असा नियम आहे. आइसलंडला जी मर्यादा, तीच भारताला! त्यामुळे भारतीयांची रांग कित्येक दशकांची झाली आहे.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांचा मुलगा या रांगेत आहे. नात येथे जन्मली आणि दोन वर्षांची असताना आईबापांबरोबर तिकडे गेली. ती एकवीस वर्षांची झाली की ‘अवलंबून असलेले अपत्य’ राहणार नाही आणि तिला स्वतंत्र व्हिसा शोधावा लागेल. याउलट लहानपणी बेकायदा आणल्या गेलेल्या मुलांसाठी २०१२ साली ओबामा सरकारने ‘डाका’ ही सवलत काढली. पण तिची एक अटच अशी की त्या वर्षीच्या १५ जूनला अर्जदाराजवळ कायदेशीर परवाना नसावा. शिक्षक मला म्हणाले, “सर, माझ्या मुलाने एकही कागद चुकवला नाही, म्हणूनच माझी नात या सवलतीबाहेर!” त्याआधी १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख बेकायदा रहिवाशांना कायम वास्तव्य मिळाले होते. रांगेतल्याच्या रागाचे पहिले कारण हे आहे. नियम पाळण्याचे मोल कमी होते, असे त्याला वाटते.

दुसरे कारण भीतीचे आहे. बाहेरच्या लोकांना दोन भारतीयांतला फरक चेहऱ्यावरून कळत नाही. २०११ साली कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर धाड पडली, तेव्हा कित्येक भारतीय विद्यार्थ्यांच्या पायांना माग काढणारी यंत्रे बांधण्यात आली. जानेवारी २०१९ मध्ये उघडकीस आलेले मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठ तर खुद्द सरकारी अधिकाऱ्यांनीच सापळा म्हणून उभे केले होते. तेथे ना वर्ग होते, ना प्राध्यापक. फी भरा आणि व्हिसा टिकवा, एवढाच व्यवहार. त्यात १२९ भारतीय विद्यार्थी ताब्यात घेतले गेले आणि तेलुगु भाषकांचा भरणा मोठा होता. अशा घटनेनंतर विमानतळावर अधिक प्रश्न विचारले जातात ते प्रामाणिक विद्यार्थ्यालाही.

ही मनोवृत्ती आपल्या हैदराबादला नवी नाही. निजामाच्या राजवटीत १९१९ च्या मुल्की नियमांनुसार सरकारी नोकरी साधारणतः मुल्की माणसालाच मिळे. मुल्की म्हणजे संस्थानचा जन्मजात प्रजाजन, किंवा येथे १५ वर्षे कायम वास्तव्य करून मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र देणारा. गंमत पाहा, परभणीचा मराठी माणूस मुल्की आणि पुण्याचा गैरमुल्की. गुलबर्ग्याचा कन्नडिग मुल्की आणि धारवाडचा गैरमुल्की! १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर बाहेरून अधिकारी व नोकरवर्ग आला. खोट्या मुल्की सर्टिफिकेटांवर नोकऱ्या लाटल्या जातात, ही तक्रार वाढत गेली आणि सप्टेंबर १९५२ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. येथे सिटी कॉलेजच्या परिसरात गोळीबार झाला, तरुणांचे प्राण गेले. पुढे १९७३ मध्ये मुल्की नियम रद्द होऊन घटनेत ३७१-ड हे कलम आले, तरी ‘स्थानिक कोण?’ हा प्रश्न मिटला नाही. तक्रारीचे स्वरूप आजच्यासारखेच होते. पंधरा वर्षे काढलेल्याला, खोटा कागद घेऊन काल आलेल्याच्या शेजारी बसणे सहन होत नव्हते.

येथवरची बाजू रास्त आहे. परंतु तिला दोन मर्यादा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत.

एक म्हणजे, कायद्याची रेषा स्थिर नसते. १९१७ च्या कायद्याने आशियातील बहुतेक लोकांना अमेरिकेची दारे बंद केली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीय मनुष्य नागरिकत्वास अपात्र ठरवला. थिंडचे वकील सखाराम गणेश पंडित हे स्वतः १९१४ पासून नागरिक होते. निकालानंतर सरकारने त्यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा दावा लावला. पंडित झगडले आणि जिंकले. पण इतर अनेक भारतीयांचे नागरिकत्व गेले. त्यांनी कोणतीही रांग मोडली नव्हती. १९४६ मध्ये भारतासाठी वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला आणि १९६५ च्या कायद्याने दार खरोखर उघडले. आजचे ‘कायदेशीर’ आपण बरेचसे या कायद्याचे वारस आहोत.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. “त्यांनीही रांगेत उभे राहावे,” असे आपण सहज म्हणतो. पण इंजिनियरासाठी रांग लांब असली तरी ती आहे; शेतात किंवा हॉटेलात राबणाऱ्या अकुशल मजुराला कायमचे राहता येईल अशी ग्रीन कार्डे साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला फार तर दहा हजार. त्याच्यापुरती रांग जवळजवळ नाहीच. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने अमृतसरला परत पाठवलेल्या १०४ भारतीयांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. अशा प्रवासासाठी कुटुंबे जमीन विकून दलालाला पैसे देतात. त्या मनुष्याला आणि त्या दलालाला एकाच मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही.

म्हणून मला असे वाटते की, रांगेतल्याचा राग खरा असला तरी त्याची दिशा तपासली पाहिजे. शिक्षकांच्या नातीची जागा कोणा मेक्सिकन मजुराने घेतलेली नाही. ती सात टक्क्यांच्या नियमाने अडवली आहे. तक्रार करावयाची तर त्या नियमाविरुद्ध करावी. आणि आपल्यापैकी जे विद्यार्थी उद्या अर्ज भरणार आहेत, त्यांनी एवढे तरी करावे: विद्यापीठात वर्ग खरोखर भरतात की नाही, हे एजंटाला न विचारता तेथे शिकणाऱ्यांना विचारावे. फार्मिंग्टनच्या मुलांजवळही कागद होते. कागदामागे शिक्षण नव्हते, म्हणून एका दिवसात ती मुले रांगेबाहेर गेली.