पायलट पुन्हा विझला!



आमचा गॅस बॉयलर जवळजवळ तीस वर्षांचा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसवलेला, चिमणीला जोडलेला, आणि आत 'पायलट' नावाची छोटी निळी ज्योत, आपल्या देवघरातल्या नंदादीपासारखी सतत तेवणारी. जानेवारीत आई-बाबा पुण्याहून आले आणि त्याच आठवड्यात ही ज्योत विझायला लागली. पेटवली की दोन-तीन तास ठीक, मग पुन्हा घर गार.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे कुठल्याही दुखण्यावर पहिलं औषध म्हणजे रिस्टार्ट! दिवसातून चार वेळा गुडघे टेकून पायलट पेटवत बसायचो. शेवटी बाबा म्हणाले, "अरे, इंजिनिअर ना तू?" झालं! मग मी वाचून काढलं की हे यंत्र चालतं कसं.

पायलटच्या ज्योतीत एका धातूच्या कांडीचं टोक तापत असतं. तिला थर्मोकपल म्हणतात. दोन वेगळे धातू जोडून तो जोड तापवला की किंचित वीज तयार होते. हे झेबेक नावाच्या शास्त्रज्ञाला १८२१ मध्ये दिसलं होतं. आपल्या बॉयलरमध्ये ही वीज फक्त २०-३० मिलिव्होल्ट असते, पण तेवढ्यावर एक छोटा विद्युतचुंबक गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. ज्योत गेली की कांडी गार होते, वीज थांबते आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. म्हणजे न जळलेला गॅस घरात पसरत नाही. पायलट पेटवताना बटण २०-३० सेकंद दाबून धरायला सांगतात ते यासाठीच. कांडी तापेपर्यंत चुंबकाचं काम आपलं बोट करतं!

आता पायलट टिकत नाही याची नेहमीची कारणं:

१. थर्मोकपल जुना होऊन थकलेला, किंवा त्याचा जोड सैल झालेला.
२. पायलटच्या बारीक छिद्रात कचरा. ज्योत मरतुकडी, कांडीपर्यंत पोचतच नाही.
३. गॅसच कमी. प्रीपेमेंट मीटर असेल तर आधी बॅलन्स बघा, शेगडी नीट पेटते का बघा.
४. सुरक्षेचा एखादा सेन्सर थर्मोकपलची वीज मुद्दाम तोडतोय: पाणी फार तापलं म्हणून, किंवा चिमणीतला धूर खोलीत परत येतोय म्हणून.

मी पहिल्या कारणावर शिक्कामोर्तब केलं आणि नवा थर्मोकपल मागवायला निघालो. तेवढ्यात आई म्हणाली, "मला तर वाटतं, मी फोडणी घातली की हा विझतो." मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी फोडणी पडली, एक्झॉस्ट फॅन लागला, आणि वीस मिनिटांत पायलट गुल! आमच्या भाषेत सांगायचं तर बग रिप्रोड्यूस झाला. मी मुकाट्याने गॅस इंजिनिअरला फोन केला.

त्याने बॉयलरकडे नंतर पाहिलं, आधी भिंतीकडे. तिथल्या हवेच्या जाळीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले! बाबा ओशाळून म्हणाले, "गार वारा यायचा रे, म्हणून मीच..."

असा जुना, उघड्या चिमणीचा बॉयलर जळण्यासाठी खोलीतलीच हवा घेतो. जाळी बंद, खिडक्या डबल ग्लेझिंगच्या, त्यात फॅन हवा बाहेर ओढतोय. मग हवा येणार कुठून? चिमणीतूनच, उलटी, धुरासकट. इंजिनिअरने दारं-खिडक्या लावून, फॅन सुरू करून चिमणीच्या तोंडाशी धुराची काडी धरली. धूर आमच्याकडे आला. बोळे काढल्यावर तोच धूर सरळ वर गेला. थर्मोकपल ठणठणीत होता. सेन्सर दर वेळी बॉयलर बंद करत होता आणि मी शहाणा तो पुन्हा पेटवत होतो.

त्या आठवड्यात आईचं डोकं दुखायचं. आम्ही म्हणायचो, हवाबदल. आज ते आठवलं की पोटात गोळा येतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. भारतात बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तो हाच वायू.

तेव्हा मंडळी, एवढं लक्षात ठेवा:

• पायलट गेला तर नॉब बंद करा, किमान तीन मिनिटं थांबा, मग बॉयलरवरच्या सूचनेप्रमाणे एकदा पेटवा. पुन्हा पुन्हा विझला तर पेटवू नका, माणूस बोलवा.
• इथे पैसे घेऊन गॅसचं काम करणारा गॅस सेफ रजिस्टरवर असलाच पाहिजे, तसा कायदा आहे. २००९ पासून कॉर्गीची जागा याने घेतली. ओळखपत्र मागायला लाजू नका.
• भाड्याच्या घरात दर वर्षी गॅसची तपासणी करून घेणं घरमालकावर बंधनकारक आहे.
• ज्योत पिवळी, बॉयलरभोवती काजळी, घरात डोकेदुखी-मळमळ आणि बाहेर पडल्यावर बरं वाटणं: ही धोक्याची चिन्हं. बॉयलर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ वर फोन करा. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये चोवीस तास, फुकट. गॅसचा वास आला तरी हाच नंबर. तब्येत बरी वाटत नसेल तर डॉक्टरांनाही सांगा.
• कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. आणि हवेची जाळी कधीही बुजवू नका!

आपल्या मंडळात एकटे राहणारे काका-काकू आहेत. दिवाळीच्या फराळाला त्यांच्याकडे जाल तेव्हा चकलीबरोबर भिंतीतल्या जाळीवरही एक नजर टाका. आमच्या जाळीत आता बोळे नाहीत. बाबांना गार वारा लागतो, त्यांना मी एक जाड स्वेटर आणून दिलाय.