आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली?

शनिवारी भाऊच्या धक्क्याहून आलेली रो-रो बोट मांडव्याला लागते, गाड्या उतरतात आणि अलिबागच्या रस्त्याला लागल्या लागल्या त्यातल्या दोन-चार छोट्या गाड्या कानठळ्या बसवत सुटतात. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सायलेन्सर बदललाय, ओपन फिल्टर टाकलाय. पंधरा-वीस हॉर्सपॉवर सहज वाढली."

नाही वाढली. आवाज वाढला.

इंजिनाची ताकद ठरते सिलिंडरमध्ये वजनाने किती हवा शिरते यावर, कारण एक भाग पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते. टर्बो नसलेल्या इंजिनात ही हवा केवळ बाहेरच्या दाबाने आत येते. मांडवा समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे तो दाब इथे आधीच पुरेपूर मिळतो. कंपनीचा स्वच्छ कागदी फिल्टर त्या हवेला जेमतेमच अडवतो. उलट बॉनेटखाली उघडा बसवलेला फिल्टर इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो. ३० अंशांची हवा ५० अंशांवर गेली की सुमारे ६ टक्के विरळ होते. म्हणजे पैसे मोजून ताकद घटवली!

फ्री-फ्लो सायलेन्सरने थोडाफार फरक पडतो, पण तो वरच्या आरपीएमला. चोंढी-किहीमच्या अरुंद, वळणांच्या रस्त्यावर इंजिन दोन-तीन हजारांतच फिरत असतं. पाइप गरजेपेक्षा जाड असेल तर तिथला पिकअप उलट पडतो.

फिल्टरबद्दल अजून शंका असेल, तर अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्या पाहाव्यात. चोंदलेला फिल्टर काढून साधा नवा बसवल्यावर वेग पकडायला लागणारा वेळ ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. तेव्हा महागडा ओपन फिल्टर घेण्याआधी आपला कागदी फिल्टर एकदा उघडून पाहा.

छोट्या इंजिनातून जास्त ताकद निघतच नाही, असं मात्र नाही. मारुतीचंच बघा: वॅगन-आरचं ९९८ सीसीचं साधं इंजिन ६७ हॉर्सपॉवरच्या आसपास देतं, तर फ्राँक्सचं तेवढ्याच सीसीचं टर्बो इंजिन १००. टर्बो हवा दाबून आत कोंबतो, म्हणून टर्बो गाडीला ईसीयू रिमॅपने, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सेटिंग बदलून, खरोखर फरक पडतो. साध्या इंजिनात रिमॅपला फारसा वाव नसतो.

महाग पेट्रोलने गाडी पळते, हाही असाच एक समज. ऑक्टेन म्हणजे इंजिनातलं नॉकिंग रोखण्याची पेट्रोलची क्षमता. गाडीला गरज नसेल तर जादा पैसे वाया. ताकद वाढवतात म्हणून विकल्या जाणाऱ्या, गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावायच्या स्वस्त डब्या बहुतेक दिवे लुकलुकवण्यापलीकडे काही करत नाहीत. आणि "गाडी माझी, मी काहीही करीन" हे तर साफ चूक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालतं, आणि कलम १८२अ नुसार प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

एवढं होऊनही ट्यूनरकडे जायचंच असेल, तर एकाच दिवशी, त्याच डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) बदलाआधी आणि बदलानंतर घेतलेल्या मोजणीचा कागद मागा. तो द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडे गाडी सोडू नका.