गर्भपिशवीविना जन्मलेल्या मुली

साधारण साडेचार ते पाच हजार मुलींमागे एखादी मुलगी गर्भपिशवीविना जन्मते. ती चारचौघींसारखीच वयात येते. फक्त पाळी येत नाही. या अवस्थेला मायर-रोकिटान्स्की-क्युस्टर-हाउझर सिंड्रोम, थोडक्यात एमआरकेएच, म्हणतात.

आईच्या पोटात असताना म्युलेरियन नलिकांच्या जोडीतून गर्भपिशवी, गर्भनलिका आणि योनिमार्गाचा वरचा भाग घडतो. या नलिकांची वाढ खुंटली, की गर्भपिशवी तयारच होत नाही किंवा तिचे अवशेष तेवढे राहतात आणि योनिमार्गही आखूड राहतो. बीजांडकोशांची घडण मात्र वेगळी होते. त्यामुळे ते शाबूत असतात, संप्रेरके स्रवतात आणि बीजही तयार करतात.

पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. ‘आमच्याकडे सगळ्यांनाच उशिरा येते’ म्हणत वाट पाहिली जाते आणि काही वेळा लग्नानंतरच उलगडा होतो. वास्तविक पहिल्या तपासण्या साध्या असतात: शारीरिक तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि रक्तातील संप्रेरके. उदाहरणार्थ, बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातील कुटुंबाला पुढच्या सल्ल्यासाठी परळच्या केईएमसारखे मोठे रुग्णालय लोकलच्या अंतरावर आहे. तिथवर जाण्यात दिरंगाई होते ती बहुधा संकोचापायी.

पाळी न येण्याची इतर कारणेही तपासावी लागतात. दर महिन्याला पोटात कळा येतात, पण रक्त दिसत नाही, अशा मुलीचा योनिपटल पूर्ण बंद असू शकते. आत साचलेले रक्त छोटा छेद देऊन मोकळे करता येते. काही जणींची गुणसूत्रे एक्सवाय असतात. म्हणून गुणसूत्रांची तपासणी महत्त्वाची. एमआरकेएचमध्ये ती एक्सएक्सच असतात. एमआरआयवर अवयवांची रचना स्पष्ट होते. मूत्रपिंडेही पाहावीच लागतात, कारण अनेकींमध्ये एकच मूत्रपिंड असते किंवा ते जागा सोडून असते.

उपचाराची सुरुवात समुपदेशनाने होते. आखूड योनिमार्ग डायलेटर या साधनाच्या नियमित वापराने हळूहळू लांबवता येतो. बहुतेकींना तेवढे पुरते, इतरांसाठी शस्त्रक्रिया असते. हे केव्हा करायचे ते मुलीने ठरवावे; लग्न जमले म्हणून घाई करू नये.

मूल होण्याचा मार्गही पूर्ण बंद नसतो. स्वतःचे बीज वापरून सरोगसी शक्य आहे. २०२१च्या कायद्याने त्यासाठी अटी घातल्या आहेत. दुसरा मार्ग गर्भाशय प्रत्यारोपणाचा. प्रत्यारोपित गर्भाशयातून जगातले पहिले बाळ २०१४मध्ये स्वीडनमध्ये जन्मले. भारतातले पहिले प्रत्यारोपण मे २०१७मध्ये पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने केले. गर्भपिशवीविना जन्मलेल्या तरुणीला तिच्या आईनेच आपली गर्भपिशवी दिली. त्याच रुग्णालयात ऑक्टोबर २०१८मध्ये प्रत्यारोपित गर्भाशयातून देशातले पहिले बाळ जन्मले. त्या बाळाच्या आईची मूळ गर्भपिशवी निकामी झाली होती आणि तिलाही तिच्या आईनेच गर्भपिशवी दिली होती.

हा उपचार सोपा नाही. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे रोज घ्यावी लागतात. गर्भ प्रयोगशाळेत तयार करून गर्भाशयात सोडतात आणि प्रसूती सिझेरियननेच होते. औषधांचा धोका कायम राहू नये म्हणून एक-दोन बाळंतपणांनंतर हे गर्भाशय काढून टाकतात. म्हणून प्रत्यारोपण हा मोजक्या स्त्रियांसाठीचा उपाय ठरतो. वेळेवर निदान आणि मोकळा सल्ला मात्र प्रत्येक मुलीला मिळू शकतो आणि मिळायलाच हवा.