वैशाखांतलें लग्न आणि मळ्यांतलीं फुलें

लग्नसराई आली कीं फुलांचा बाजार चढतो हें वाचकांस सांगावयास नको. नवल वाटतें तें इतकेंच कीं, ज्यांच्या घरीं दोन-तीन एकर बागायत आहे असे शेतकरीहि मुलीच्या लग्नास फुलें शहरांतून विकत आणतात, व तींहि पुष्कळदां कापडाचीं किंवा प्लॅस्टिकचीं. आमचे धाकटे बंधूहि त्याच वाटेनें निघाले होते. पुरंदर तालुक्यांत त्यांचा अडीच एकरांचा मळा आहे. कन्येचें लग्न ३० एप्रिल २०२५ रोजीं, अक्षय्य तृतीयेस, गोरज मुहूर्तावर ठरलें. मंगल कार्यालय व सजावट मिळून जो आंकडा सांगण्यांत आला तो ऐकून सोसायटीचें कर्ज काढण्याचा विचार त्यांनीं आमच्यापाशीं बोलून दाखविला. शेतीच्या नांवानें कर्ज काढून लग्न केल्याचा परिणाम आम्हीं महसूल खात्याच्या कारकुनींत सात-बाराच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यांत इतक्या वेळां लिहिला आहे कीं, आम्हीं स्पष्ट नको म्हणून सांगितलें. बंधूंना तें लागलें. दोन दिवस ते आमच्याशीं नीट बोलले नाहींत. शेवटीं मुलगीच म्हणाली, “काका, मंडप मळ्यांतच घाला. मला फुलें हवींत, कार्यालय नको.”

तेव्हां पौषाचे दिवस होते, म्हणजे हातांत साडेतीन महिने होते. तेवढे होते म्हणूनच पुढील सर्व साधलें.

मुलीनें मोबाइलवर एक चित्र दाखविलें. त्यांत पांढऱ्या शेवंतीचा सगळा मंडप होता. शेवंती ही लांब रात्रींची वनस्पती आहे. दिवस लहान व रात्र मोठी झाली म्हणजे ती कळी धरते. म्हणून उघड्या शेतांत ती दिवाळीच्या सुमारास व त्यापुढें थंडींत फुलते. वैशाखांत दिवस मोठा, तेव्हां कितीहि खत-पाणी घातलें तरी शेतांतली शेवंती पानांनींच वाढावयाची. हें समजावून सांगितल्यावर मुलीनें हट्ट सोडला. चित्र पाहून फूल ठरवूं नये, महिना पाहून ठरवावें.

वैशाखास साजेसें फूल म्हणजे झेंडू आणि मोगरा. झेंडूचा हिशेब मुहूर्ताकडून मागें मोजावा. बीं टाकल्यापासून रोप लावणीस येण्यास सुमारें २५ दिवस, आणि लावणीनंतर फूल येण्यास साधारण दोन महिने लागतात. महिनाअखेर फुलें भरांत हवीं तर पहिलें फूल २० एप्रिलच्या सुमारास दिसलें पाहिजे. म्हणजे लावणी २० फेब्रुवारीच्या आंत व बीं २५ जानेवारीच्या आंत. लवकर आलें तर चिंता नाहीं, कारण झेंडू कित्येक आठवडे फुलत राहतो व आधींचे तोडे बाजारांत जातात. उशीर झाला तर मात्र मुहूर्त थांबत नाहीं.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. दोन फूट बाय एक फूट अंतरानें त्यांत साडेपांचशेच्या आंतबाहेर रोपें बसतात. आम्हीं दोन गुंठे धरले. उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी मोजकें, म्हणून भुईमुगाचे तितकेच गुंठे कमी केले. (सन २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः ई-पीक पाहणींत मोबाइलवर करावयाची असते. दोन गुंठ्यांची नोंद कशाला, असें बंधू म्हणत होते. आम्हीं ती करविली. जुनी खोड!)

येथें आमच्या हातून एक चूक झाली, ती लपविण्यांत अर्थ नाहीं. शेंडा खुडल्यानें झेंडूस फुटवे अधिक येतात व फुलें वाढतात, असें आम्हींच बंधूंना सांगितलें. परंतु खुडल्यानें फूल लांबतें हें सांगावयास विसरलों. त्यांनीं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यांत एका गुंठ्याचे शेंडे खुडले. दुसरा गुंठा वेळेच्या अभावीं राहिला, म्हणून वांचलों. लग्नाच्या आदल्या दिवशीं पाहतों तों खुडलेल्या गुंठ्यांत नुसत्या हिरव्या कळ्या. वहिनी वाफ्याच्या कडेला बसून रडल्या. बंधू आम्हांस एक शब्द बोलले नाहींत, आणि तेंच अधिक जड गेलें.

दुसऱ्या दिवशीं पहांटे तोडा केला तो १४ किलो भरला. अंदाज तीसचा होता. मग मुलीनेंच वांटणी केली. बोहलें, मंडपाचें दार व वाड्याचा उंबरा एवढ्यांस झेंडू. बाकी सर्वत्र आंब्याचे टाहाळे व केळीचे खांब. तोडलेलीं फुलें सावलींत ओल्या गोणपाटावर पसरून ठेविलीं. प्लॅस्टिकच्या पिशवींत तीं कोंबूं नयेत. आंत उबतात व काळीं पडतात. माळा सकाळीं ओंवल्या, टांगल्या मात्र चारनंतर. गोरज मुहूर्ताचा हा मोठा लाभ. दुपारच्या मुहूर्तास तींच फुलें अक्षतांपूर्वीं माना टाकतीं.

मंडपाची जागा निवडतांना बांधावरच्या बहाव्याचा विचार केला. एप्रिलअखेर तो पिवळ्या घोसांनीं लवला होता. त्याचे घोस तोडले तर तासाभरांत कोमेजतात, म्हणून झाडास हात न लावतां मंडपाचें तोंडच त्याच्याकडे केलें. पडद्यांस जुनीं धोतरें वापरलीं. फाल्गुनांत मुलींनीं वेंचून वाळविलेलीं पळसाचीं फुलें भिजवून त्या पाण्यांत तीं केशरी रंगविलीं होतीं. हा रंग उन्हांत उडतो, पण एका संध्याकाळीस पुरतो. प्रथम विहिरीकाठच्या वडाखालीं मंडप घालावा असें घाटत होतें. आम्हीं वर पाहिलें तों उंच फांदीस आग्या मोहोळ. होमाचा धूर किंवा वाजंत्र्यांचा कल्लोळ होऊन तें उठलें असतें तर काय प्रसंग ओढवता, त्याची कल्पना करवत नाहीं. उघड्यावर मंडप घालणाऱ्यानें आधीं झाड वर पाहावें, मग खालीं खुंट मारावा.

आतां मोगरा. आमच्या मातोश्रींनीं विहिरीच्या थारोळ्यापाशीं लाविलेली ती वेल त्यांच्या मागें कोणी नीट पाहिली नव्हती. नातीला मुंडावळ्या त्याच मोगऱ्याच्या हव्या होत्या. पौषांत पाणी तोडलें, पानें झडूं दिलीं, जुन्या काड्या छाटल्या, मुळांभोंवतीं खणून शेणखत घातलें व मगच पाणी सोडलें. चैत्रांत कळी धरली. लग्नाच्या पहांटे मुलीनें स्वतः टपोऱ्या पण मिटलेल्या कळ्या खुडल्या व ओल्या फडक्यांत ठेविल्या. मुंडावळ्या तिच्या आत्यांनीं गुंफल्या. मोगरा सांजेस उमलतो. मंगलाष्टकें चालू असतां अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंस कळ्या उमलत होत्या, आणि बंधू प्रथमच आमच्याकडे पाहून हंसले.

मागें राहिलेल्या गुंठ्याचीं फुलें मेच्या दुसऱ्या आठवड्यांत निघालीं. लग्नसराई असल्यानें तीं पुण्याच्या बाजारांत हातोहात खपलीं. पाऊस पडल्यावर मोगऱ्याची एक फांदी वांकवून मातींत दाबली होती. तिला मुळें फुटल्यावर तें रोप मुलगी सासरीं घेऊन गेली. तिकडची जमीन चोपण आहे, म्हणून खड्ड्यांत तांबडी माती व शेणखत भरावयास आम्हीं तिला सांगितलें आहे.