पाय आधी पोचतो

"मावशी, हे काय आहे?"

लातूरला आत्याच्या घरी, दिवाळीच्या आवराआवरीत, आतेबहिणीच्या पोरानं दिवाणाच्या पेटीतून एक गुंडाळी ओढून काढली. वर जुने स्वेटर, कुणाच्या तरी लग्नात आलेली न उघडलेली चादर, आणि सगळ्यात खाली ती. घड्यांवर पांढऱ्या रेघा पडलेल्या, एक कोपरा उंदरानं चाखलेला, पण चारही बाण शाबूत. डावा, उजवा, वर, खाली. आमची डान्स मॅट.

२००७च्या भाऊबिजेला बाबांनी ती आणली होती. नांदेडची माणसं मोठ्या खरेदीला हैदराबाद गाठतात. निजामाचं राज्य १९४८मध्ये गेलं, बाजाराची ओढ काही गेली नाही. बाबा देवगिरी एक्स्प्रेसनं खोकं घेऊन आले, मग एसटीनं लोहा, अहमदपूर करत आम्ही लातूरला. ओवाळणीत आत्याला साडी आणि आम्हा पोरांना ही चटई. लाल, पांढरी, पिवळी पिन टीव्हीला लावायची, अडॅप्टर बोर्डात खुपसायचा, आणि पडद्यावर खालून बाण चढायला लागायचे. वर चार रिकामे बाण थांबलेले असत. चढता बाण रिकाम्या बाणावर बसला की त्याच क्षणी आपला पाय चटईवरच्या तशाच बाणावर पडला पाहिजे. एवढाच खेळ. लोडशेडिंग आलं की बाण अर्ध्यातच विझायचे आणि पुढचे काही तास कोण जिंकत होतं यावर भांडण चालायचं.

नांदेडला तेव्हा व्हिडिओ गेमची टपरीवजा दुकानं होती. रुपयाचं नाणं, काळा पडदा लावलेली खोली, आत 'मुस्तफा' खेळणाऱ्या पोरांची गर्दी. खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण त्यातल्या एका गड्याच्या नावानं आपल्याकडे सगळे त्याला मुस्तफाच म्हणत. मुली तिथं जात नसत. नाचायचं मोठं मशीन मी पहिल्यांदा पाहिलं ते पुढं कॉलेजात असताना, पुण्याच्या एका मॉलमध्ये. एक किडकिडीत मुलगा मागच्या दांडीला टेकून उभा होता आणि त्याचे पाय मात्र गरम तव्यावर पडल्यासारखे चालले होते. एकदाही त्यानं खाली पाहिलं नाही. माझ्या मनात आलं, हा नाचत कुठंय, हा तर पायांनी टायपिंग करतोय!

आत्याच्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आजीला, ही चटई सुरुवातीला मुळीच चालायची नाही. आजी औसा तालुक्यातल्या. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट त्यांनी पाहिली होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून गावं झोपलेली, आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या बाजूला जमीन हलली. आम्ही माडीवर उड्या मारायला लागलो की खालून आवाज यायचा, "कोन हालवायलाय रे घर?" आम्ही खिदळायचो. त्या आवाजात गंमत नव्हती हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आत्यानं मग मॅट खालच्या खोलीत, शहाबादी फरशीवर आणली. तिथं धप्प आवाज येत नव्हता. आजी उंबऱ्याशी बसून बघायला लागल्या. पाय चुकला की पडद्यावर 'मिस' असं यायचं. आजीला आम्ही ते वाचून दाखवत असू, तर एक दिवस त्यांनी विचारलं, "ही मिस तुमच्या शाळंतली का? लईच येऊ लागली की."

यंदा मॅट पुसून, आत्याच्या भिंतीवरच्या नव्या चपट्या टीव्हीला जोडली. पिवळ्या पिनेचं भोक शोधण्यात दहा मिनिटं गेली. खेळ सुरू झाला, मी पदर खोचला, आणि मिस. मिस. मिस. मिस. पोरगं पाहत होतं. तिशी ओलांडल्यावर पाय जड होतात हे मान्य, पण इतके? तेव्हाच एक गोष्ट खटकली. एकदा मी घाईनं, तालाच्या बऱ्याच आधी पाय टाकला आणि पडद्यावर आलं 'ग्रेट'. लवकर टाकलेलं पाऊल बरोबर आणि वेळेवरचं चूक?

त्या कोड्यामागे मी लागले. त्या नादात आपल्या पायांबद्दल जे कळलं त्यानं मी अजून चकित आहे.

आधी चटई. उंदराच्या कृपेनं तिचं पोट दिसत होतं. आत प्लास्टिकचे दोन पातळ कागद, त्यांच्या आतल्या अंगाला वीज वाहून नेणाऱ्या काळ्या शाईच्या रेघा, आणि मध्ये भोकं पाडलेला फोमचा थर. पाय पडला की भोकातून वरचा कागद खालच्याला टेकतो, वर्तुळ पुरं होतं. पाय उचलला की फोम त्यांना पुन्हा वेगळं करतो. यंत्राला दोनच गोष्टी समजतात, दाबलं आणि सोडलं. कंबर, मान, गिरकी, यातलं काही त्याला कळत नाही. (आम्ही हरायला लागलो की खाली बसून हातांनी बाण बडवायचो, तेही त्याला चालायचं.) अशी चटई जपानच्या बंदाई कंपनीनं १९८६मध्येच घराघरांतल्या गेमसाठी काढली होती, पण तिच्यावर धावायचं, उड्या मारायच्या. तिला गाणं भेटायला १९९८ उजाडलं. कोनामी कंपनीनं 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' हे मशीन जपानच्या गेम पार्लरांत उभं केलं. पुढच्याच वर्षी ते प्लेस्टेशनवर घरी आलं आणि त्याच वर्षी कोरियातून 'पंप इट अप' आलं, तिरप्या चार बाणांचं, मध्ये पाचवा. आमच्या हैदराबादी खोक्यातला खेळ या घराण्याचा लांबचा, गरीब चुलतभाऊ.

आता हा प्रश्न बघा. डोळ्यांना काहीतरी दिसल्यापासून हात किंवा पाय हलायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये जेमतेम अर्धा सेकंद असतो, आणि अचूक पावलाला खेळ देतो ती मुदत सेकंदाच्या काही शतांशांची. म्हणजे बाण जागेवर आलेला बघून पाय टाकायला निघालात, तर तुम्ही दर वेळी, न चुकता, उशिरा पोचाल. तरी आठवीतली पोरगी शंभरात नव्वद बाण बरोबर टिपते. कारण ती बघून पाय टाकतच नाही. ठोका कधी पडणार हे तिच्या मेंदूनं आधीच ठरवलेलं असतं आणि पाय त्या न आलेल्या ठोक्याकडे निघालेला असतो.

हे शिकवावं लागत नाही की काय, असं वाटायला लावणारा एक प्रयोग २००९मध्ये हंगेरीतल्या इश्तवान विंकलर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. दोन-तीन दिवसांची झोपलेली बाळं, त्यांच्या डोक्याला मेंदूतले विद्युत संकेत टिपणाऱ्या तारा, आणि कानाशी ढोलाचा एक ठेका. मधूनच त्यांनी ठेक्यातला पहिला, वजनदार ठोका गाळला. आपल्या भाषेत, सम गाळली. झोपेतल्या बाळांच्या मेंदूत 'अरे, काहीतरी चुकलं' असा संकेत उमटला. तबल्याच्या क्लासची फी भरण्याच्या कितीतरी आधी सम चुकलेली कळते! दुसरी गंमत, संगीत नुसतं ऐकतानाही, बोट न हलवता, मेंदूतले हालचालीचे भाग जागे होतात. ताल कानांनी ऐकायचा आणि पायांनी धरायचा असे दोन टप्पे आपण मानतो. मेंदूत ते एकमेकांत मिसळलेले आहेत. चिंपँझी आपले एवढे जवळचे भाऊबंद, पण त्यांना हे जेमतेमच जमतं. उलट स्नोबॉल नावाच्या एका काकाकुव्याला जमतं. अनिरुद्ध पटेल या संशोधकानं गाण्याची गती कमी-जास्त करून त्याच्या नाचाची मोजणी केली, तीही २००९मध्येच.

पण माझी दाद जाते ती एका जुन्या, साध्या निरीक्षणाला. माणसाला एकसारख्या टिकटिकीवर बोट आपटायला सांगा. तो म्हणतो, मी बरोबर तालावर आपटतोय. मोजून पाहिलं तर बोट टिकटिकीच्या किंचित आधी पडलेलं असतं, सेकंदाच्या काही शतांशांनी. बहुतेकांचं तसंच होतं. आणि बोटाऐवजी पाय आपटायला सांगितला तर तो आणखी आधी पडतो. याचं एक स्पष्टीकरण असं की, टेकल्याची बातमी तळपायापासून डोक्यापर्यंत यायला हाताच्या बातमीपेक्षा जास्त वेळ लागतो. वाट लांब, आणि शिरेतून बातमी सेकंदाला साधारण पन्नास-साठ मीटर जाते. पायाची बातमी आणि कानाची बातमी डोक्यात एकाच वेळी पोचावी म्हणून मेंदू पायाला लवकर धाडतो. लांबच्या पाहुण्याला आदल्या दिवशी निघायला सांगतात, तसं. नांदेड-लातूर रस्त्यावर माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथं लावणी महोत्सव असतो. ढोलकीची थाप आणि घुंगरांचा आवाज एकाच क्षणी पडला की मंडपातून शिट्टी जाते. तो 'एकाच क्षणी' जुळवण्यासाठी नाचणारीचा मेंदू केवढा हिशेब करत असेल, आणि तिला त्याचा पत्ताही नसेल.

आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांना हे सगळं न वाचता ठाऊक होतं. लेझीम शिकवताना ते ओरडायचे, "हलगीची वाट बघू नका, हलगीच्या संगं पडा!" लेझीम म्हणजे आमची खरी, पडद्याविना डान्स मॅट. लाकडी दांडा, साखळी, तिच्यात पत्र्याच्या चकत्या. साठ पोरांच्या लेझिमा एकदम वाजल्या की एक आवाज येतो, आणि एकाची चुकली तर ती एकटी छन्न करून सगळ्या मैदानाला सांगते. 'मिस' दाखवायला टीव्ही लागत नाही. याच लेझमीनं १९८२मध्ये दिल्लीच्या आशियाडचं उद्घाटन गाजवलं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यानं २००६मध्ये आपल्या सगळ्या, ७६५ सरकारी शाळांत डान्स डान्स रिव्होल्यूशन न्यायचं ठरवलं, मुलांचं वजन आटोक्यात यावं म्हणून. पीटीच्या तासाला तालावर पाय टाकायचे, हे ऐकून आमच्या सरांना नवल वाटलं नसतं. त्यांनी फक्त खर्च विचारला असता.

आता त्या 'ग्रेट'चं कोडं. जुना डब्बा टीव्ही पोकळ डोक्याचा होता, आणि हा त्याचा मोठा गुण. तारेतून जसा संकेत यायचा तशी आतली किरणशलाका त्याच क्षणी काचेवर ओळ ओढायची. आपल्याकडच्या पद्धतीत ६२५ ओळी, सेकंदाला ५० फेऱ्या. साठवायचं काही नाही, विचार करायचा काही नाही. नवा चपटा टीव्ही हुशार. तो पिवळ्या तारेतला जुना संकेत आधी आकड्यांत बदलतो, ओळी जुळवतो, चित्र ताणून मोठं करतो, रंग नीट करतो आणि मग दाखवतो. या शहाणपणाला वेळ लागतो, टीव्हीगणिक वेगळा. जुन्या संकेताला ५० मिलिसेकंद सहज जातात, कधी १००च्याही पुढे. मालिका बघताना कुणाच्या बापाला कळत नाही. ओठ आणि शब्द जुळावेत म्हणून टीव्ही आवाजही तेवढाच मागे ठेवतो. पण खेळाचं घड्याळ टीव्हीत नसतं, ते चटईच्या वायरीला जोडलेल्या छोट्या डबीत असतं. माझा पाय मला ऐकू आलेल्या ठोक्याबरोबर पडत होता. डबीच्या लेखी तो ठोका केव्हाच होऊन गेला होता.

म्हणजे पाय म्हातारे झाले नव्हते. खोलीतली वेळ बदलली होती. जुन्या खेळांचे शौकीन अजून वजनदार डब्बा टीव्ही जपून ठेवतात, तेव्हा त्यांना हौशी म्हणून हसू नये. लहानपणीची मजा आता येत नाही अशी तक्रार आपण नेहमी मनावर ढकलतो. इथं ती मिलिसेकंदांत मोजता येते.

आत्याचा डब्बा टीव्ही भंगारात गेलेला. पण गणपतीत लावायचा जुना होम थिएटर कपाटावर होता. मी टीव्हीतून लाल आणि पांढरी पिन उपटली आणि होम थिएटरच्या मागं खुपसली. टीव्हीला एकटी पिवळी ठेवली. आता डबीतला आवाज कुठंही न थांबता थेट स्पीकरला. चित्र येऊ दे मागून लंगडत.

तिसरं गाणं लावलं, आमचं पाठ असलेलं. कसलं गाणं, टिंगटिंगाट तो. आणि टीव्हीकडे पाठ करून उभी राहिले. आतेबहीण म्हणाली, "कामून गं, उलटी का उभी राहिलीस?" तेवढ्यात ठेका सुरू झाला. डावा, डावा, उजवा. वर. पुन्हा डावा. मला विचारलं असतं तर एकही बाण सांगता आला नसता. पायांना विचारावं लागलं नाही.

पोरगं पडद्यावरचं वाचून ओरडत होतं, "मावशी, परफेक्ट! मावशी, परफेक्ट!" त्याची हाक माझ्यापर्यंत येईस्तोवर पाय पुढच्या बाणावर गेलेला असायचा.